मामाच्या जागी

माऊन
३ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

उजव्या कोपराला डावा हात लावून नमस्कार. कसे उठलात? गुडघा कसा उठला? लाल गाय व्यायली का, आणि शोशोंगच्या टेकड्यांवर ढग नुसतेच येऊन जातात की काही सांडतातही? मामींना नमस्कार.

मीही बरा उठलो. बोसेजा वस्तीत मा-बैत्से म्हणून एक विधवा बाई आहेत, त्यांच्या अंगणातली मागची खोली मिळाली आहे. खिडकीच्या बिजागऱ्या कोणीतरी उलट्या बसवल्या होत्या. त्या मी पहिल्याच दिवशी काढून सरळ केल्या. बाई म्हणाल्या, "अहो, ती खिडकी गेली सात वर्षं अशीच आहे." मी म्हटलं, "म्हणजे सात वर्षं चुकीची आहे." तेव्हापासून त्या मला जेवणात मांस थोडं जास्त वाढतात की कमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही फोनवर बोलत नाही, कारण फोनमध्ये माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणून हे पत्र. बसवाला केनोसी तुमच्या फाट्यावर ठेवेल. घरी आसेगोच्या आईला मी वेगळं लिहिलं आहे, तिला हे दाखवण्याची गरज नाही.

कामाचं विचाराल, तर ते ठरल्यातच जमा आहे. कंपनी मोठी आहे. आठवड्यातून तीन-चारदा विमानातून पाण्यापलीकडच्या पर्यटकांच्या कॅम्पांवर जाणं होतं. मुख्य वैमानिक कॅप्टन लोबसर मला नावाने हाक मारत नाहीत, पण हात मात्र घट्ट धरतात.

इथली पद्धत तेवढी मला पटलेली नाही. वैमानिकाचं पहिलं काम मिळवायला जगभरातून पोरं या गावात येतात. न्यूझीलंडची, केपची, नैरोबीची. पाठीवर पिशवी, अंगात अर्धी चड्डी, नाकाची सालं निघालेली. नदीकाठी तंबू ठोकतात आणि रोज सकाळी विमानतळावरच्या एकेका कंपनीच्या दारात जाऊन उभी राहतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. टेबलावर कोपर टेकतात आणि सांगतात, "मी अमका, माझं एवढं उड्डाण झालंय, मी फार चांगला आहे, मला घ्या." स्वतःच्या तोंडाने! संध्याकाळी हीच पोरं विमानतळासमोरच्या बारमध्ये कॅप्टनच्या आजूबाजूला घुटमळतात, त्यांच्या विनोदांना आधीच हसायला लागतात. कागद कोणी बघत नाही. ज्याचं तोंड रोज दिसतं, जागा रिकामी झाली की तोच आठवतो. आणि भरती मार्चअखेर संपते. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की दारं बंद.

मी त्यांच्यासारखं केलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला. पहिल्या भेटीत फक्त नमस्कार केला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि उठलो. दुसऱ्या भेटीत घरच्यांची विचारपूस. कामाची गोष्ट समोरच्याने "काय काढलंत?" असं विचारल्यावर काढायची, हे मी तुमच्या शेजारी बसून शिकलो आहे. पंपदुरुस्तीचा धंदा मी पुस्तकावरून शिकलो, हवामान आणि दिशाशास्त्रही रात्री जागून पुस्तकांवरूनच. परवान्याचे पेपर शिकवणीशिवाय दिले आणि एकाच खेपेत सुटलो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कोणाच्या टेबलावर कोपर टेकणार नाही.

माझ्या परवान्याच्या तपासणीची मुदत एप्रिलअखेर संपते. त्याआधी कंपनीने घेतलं तर कंपनीच ती करून देते. नाही घेतलं तर तिचा खर्च मला झेपणारा नाही, हे तुम्ही जाणताच. पण तशी वेळ येणार नाही.

काळजी नसावी.

आपला भाचा,
ओतेंग, वैमानिक


माऊन
२६ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

नमस्कार. कसे उठलात वगैरे सगळं या वेळी मनातल्या मनात विचारलं आहे असं धरा.

केनोसीने तुमची चिठ्ठी दिली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "विमानात तू कुठल्या खुर्चीत बसतोस?"

मागच्या.

लिहिलं. आता सगळंच लिहितो.

तिसऱ्या भेटीला मी गेलो तेव्हा टेबलामागच्या मुलीने माझ्या शर्टाकडे नाही, नखांकडे बघितलं. वीस वर्षांचं ग्रीस आहे मामा, ते साबणाने जात नाही. ती आत तोंड करून ओरडली, "कॅप्टन, पंपवाले आलेत!" मी काही बोलणार तोच कॅप्टन लोबसर स्वतः बाहेर आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "देवासारखे आलात. चला." थेट विमानाकडे! मला वाटलं, बघा, पद्धत पाळली की माणूस ओळखला जातो, ही परीक्षाच. त्यांनी मागची खुर्ची दाखवली. मला वाटलं, आधी हे कसे उडवतात ते मी बघावं अशी इच्छा असेल. मी त्यांचा प्रत्येक हात बघितला. उतरताना त्यांनी वेग थोडा जास्त ठेवला होता, ते लक्षात ठेवलं. एका बेटावरच्या कॅम्पवर उतरलो, ते मला झाडीमागे घेऊन गेले आणि म्हणाले, "हा तो नालायक."

पंप होता.

तेव्हाच का बोलला नाहीस, असं तुम्ही विचाराल. कॅम्पातल्या बायका नदीवरून बादल्यांनी पाणी आणत होत्या. पाणी नसलेल्या घरात आपण आधी स्वतःचं गाऱ्हाणं मांडतो का? मी बाही वर केली. व्हॉल्व्हमध्ये वाळू होती, आणि आधीच्या शहाण्याने रबराची चकती उलटी घातली होती. संध्याकाळी नळाला पाणी आलं, तिथला आचारी नाचला. कॅप्टनने पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी दुसरा कॅम्प, दुसरा पंप. आणि मी कशासाठी आलो होतो, हे त्या माणसाने आजपर्यंत विचारलेलं नाही! न विचारता कसं सांगू? रोज वाटतं, आज विचारेल. रोज मी टाय बांधून मागच्या खुर्चीत बसतो, पुढे एखादं पोर विमान चालवतं आणि मी त्याच्या मानेकडे बघत जातो.

गेल्या शनिवारी मात्र डोकं फिरलं. बारमध्ये गेलो. आल्याच्या सोड्याची बाटली घेतली, कोपऱ्यात बसलो. कॅप्टन पुराच्या वर्षीची गोष्ट रंगवून सांगत होते: चाक फुटलेलं, सूर्य मावळतीला, धावपट्टी बरोबर पूर्व-पश्चिम, डोळ्यांत नुसता उजेड, तरी कसं उतरवलं. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. माझ्या तोंडून निघून गेलं.

"माफ करा, ती पट्टी पूर्व-पश्चिम नाही. वायव्य-आग्नेय आहे. तिच्या कडेने मीच नळ टाकलाय. उतरताना सूर्य डोळ्यांत येणार नाही, डाव्या गालावर येईल."

कॅप्टननी वळून बघितलं.

"हे कोण बोललं?"

"पंपवाले काका," कोणीतरी म्हणालं.

"मग पंपवाल्यांनी पंपाचं बोलावं."

"मी वैमानिक आहे," मी म्हणालो. उभा राहून म्हणालो, मामा.

हशा म्हणजे काय विचारता. एक केपचा पोरगा म्हणाला, "मग मी राष्ट्राध्यक्ष आहे. काका, माझ्या राजवाड्यातला नळ गळतोय, जरा बघता?" बाटली अर्धी सोडून मी उठलो.

हसली नाही ती एकच. न्दापेवा म्हणून नामिबियाची मुलगी आहे, ओंडांग्वाकडची, पंचविशीची वैमानिक, सगळ्यात जास्त मी तिच्याच मागे बसलेलो. तिचं माझं पटत नव्हतं, कारण सामानावरची जाळी ती सैल बांधते हे मी तिला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी विमानाशी तिने मला अडवलं.

"काका, परवाना दाखवा."

दाखवला. तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"एवढे दिवस काय तोंडात पाणी धरून बसला होतात?"

"कोणी विचारलं नाही."

"विचारायला तुम्ही काय नवरी आहात?" असं म्हणाली! मग जाळी बांधता बांधता, घट्ट बांधता बांधता, तिने मला या गावचं खरं गुपित सांगितलं. दारोदार फिरणं, बार, कोपर, हे सगळं वरवरचं आहे. ती स्वतः एप्रिलच्या सुरुवातीला स्वतःच्या देशात, विंडहूकला, मोठ्या विमानांवर चालली आहे. इथे जाणारा माणूस आपल्या जागी कोणाला बसवायचं ते सांगून जातो, आणि कॅप्टन शक्यतो त्याचं ऐकतात. "कोणीतरी तुमच्या वतीने बोलावं लागतं काका. आहे का कोणी?"

मला हसूच आलं. एवढे दिवस मी यांना जंगली समजत होतो, आणि यांची रीत तर आपलीच निघाली! आपल्याकडे लग्न असो, जमीन असो, माणूस स्वतःसाठी बोलत नाही, त्याचा मामा बोलतो. मी तिला सांगितलं, आहे. शोशोंगला आहे. असा बोलतो की समोरचा नाही म्हणायला विसरतो.

"मग आणा त्यांना," ती म्हणाली.

तेव्हा मामा, या. तुम्हाला माझं हे विमानाचं वेड आवडत नाही, ठाऊक आहे. या वयात कोणी झाडावर चढतं का, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, तेही ठाऊक आहे. पण तुमच्याशिवाय माझ्यासाठी बोलण्याचा हक्क कोणाला नाही. केनोसी तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून आणेल, गुडघा लांब करता येईल. मा-बैत्से खोली देतील. कॅप्टनशी बोलायला दुभाष्या मी शोधतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत या.

वाट बघतो.

आपला,
ओतेंग


माऊन
५ एप्रिल

आदरणीय मामा,

नमस्कार. इथे पाऊस संपला. नदीत वरचं पाणी यायचं आहे. गाढवं रस्त्याच्या मधोमध झोपतात आणि टॅक्सीवाले त्यांना आईबहिणीवरून शिव्या देतात. मा-बैत्सेंच्या छपराचा पत्रा उडाला होता, तो मी बसवला. खिळे चुकीच्या लांबीचे होते.

उगाच लांबण लावतो आहे.

तुमचं उत्तर मिळालं. "माऊनमध्ये मला कोण ओळखतं? आणि विमान हे आपल्या घराण्याचं काम नाही." मी ते बस थांब्यावरच वाचलं. केनोसी म्हणाला, "काही निरोप?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मग माझी बस सोडा ना, दांडा का धरून ठेवलाय?"

त्यानंतर आठवडाभर मी कोणाशी बोललो नाही. पंप केले. तुमचा राग आला की नटाला एक पीळ जास्त देत होतो, एकाचा तर आटाच गेला. माझ्या हातून आटा जावा, मामा! शेवटी न्दापेवाचे जायचे दिवस जवळ आले. ती विमानाला पाठ टेकून भाजलेलं मक्याचं कणीस खात होती. मी टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिलो. माझ्या लेकीपेक्षा, आसेगोपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठी असेल नसेल.

म्हटलं, "मामा येत नाहीत. तू बोलशील का?"

"मी?"

"त्यांच्या जागी."

"काका, मला तुमच्याबद्दल काय माहिती आहे? जाळी, आणि नट."

"मग विचार."

तुम्ही माझ्या लग्नाच्या बोलणीत काय केलं होतंत ते मी तिला सांगितलं. तुम्ही आधी माझे दोषच सांगून टाकले होते, म्हणजे समोरच्यांच्या हातात काही उरू नये. मी तिला माझे दोष सांगायला बसलो. वाटलं होतं दोन-तीन होतील. तिचं कणीस संपलं तरी माझं संपेना. शेवटी तीच म्हणाली, "पुरे काका, नाहीतर मीच नको म्हणेन."

बोलणी कॅप्टनच्या खोलीत झाली. ज्याच्यासाठी बोलायचं तो आत नसतो, म्हणून मी बाहेर पायरीवर बसलो. खिडकी उघडी होती.

"हे काय नवीन? तू त्याची कोण?" कॅप्टन.

"मामा."

"काय?"

"मामा समजा. मध्ये बोलू नका. माणूस म्हातारा आहे. म्हणजे वैमानिकांत म्हातारा. हट्टी आहे. बारमध्ये एक पेला कोणाला पाजत नाही. प्रत्येकाची चूक काढतो, सगळ्यांसमोर काढतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. तुमचीही काढली."

"आठवतंय मला!"

"मी होकायंत्राने बघून आले, कॅप्टन. ती पट्टी वायव्य-आग्नेयच आहे."

खुर्ची करकरली.

"आणि गुण?"

"ते मला नाही माहिती. त्याला उडवताना कोणी बघितलंय इथे? तुम्हीच बघा की."

मामा, तुम्ही असतात तर तुम्हीही एवढं मोकळं बोलला नसतात.

गुरुवारी पुढच्या खुर्चीत बसलो. डाव्या, चालवणाऱ्याच्या. कॅप्टन उजवीकडे, तोंडाला कुलूप. काय काय केलं ते लिहीत नाही, तुम्हाला त्यात रस नाही. एवढंच लिहितो की कॅम्पच्या पट्टीवर पाणहरणांचा कळप बसला होता. मी खालून एक घिरटी मारून त्यांना उठवलं, ती गेली असं वाटूनही दुसरी मारली, आणि एक आळशी नर गवतातून खरंच पुन्हा पट्टीवर आलेला होता. तिसऱ्या वेळेला उतरलो. चाकं टेकली ते मला कळलं, कॅप्टनना कळलं की नाही शंका आहे.

परत आल्यावर न्दापेवा विमानाशी उभी होती. कॅप्टन खाली उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून ये. आणि पंपही तूच बघत जा, अर्धा वेळ."

मामा, माझं उत्तर ओठांवर होतं. हो. हो, बघतो, पंप बघतो, शौचकूप बघतो, काय म्हणाल ते बघतो. पण ज्याच्यासाठी बोलणारा उभा आहे त्याने तोंड उघडायचं नसतं. मी तिच्याकडे बघितलं.

"पंप नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पंप नाही. अर्ध्या वेळाचा वैमानिक पुढच्या वर्षी पूर्ण वेळाचा पंपवाला होतो. त्याला मागच्या खुर्चीतून उठवायला मी बोलले, परत बसवायला नाही. पंपवाला दुसरा शोधा."

कॅप्टन लाल झाले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुला तोंड नाही का?" मी टोपी हातात धरून जमिनीकडे बघत राहिलो. ते तरातरा निघून गेले.

मी तिला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या मामांनी पंपाला हो म्हटलं असतं का?"

मी टोपी डोक्यावर घातली. उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही हो म्हटलं असतंत. तुम्हाला मी पंपवालाच बरा वाटतो.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी पिशवी भरून ठेवली. रविवारी दुपारी टेबलामागची ती मुलगी स्वतः मा-बैत्सेंच्या दारात आली. "कॅप्टन म्हणतात उद्या उजाडताच या. पंपाला फ्रान्सिसटाऊनहून कोणी येतंय." मग जाता जाता, "आणि टाय नको म्हणाले, गळ्यात अडकतो."

तर मी वैमानिक आहे. पण लगेच आनंद करू नका. मीही केलेला नाही. पुढचा पाऊस येईपर्यंत मला प्रवासी देणार नाहीत. फक्त सामान. कोबी, गोठवलेलं मांस, डिझेलचे डबे, धुतलेल्या चादरी. त्या पोरांना राजेराण्या मिळतात, मला कोबी. विमान सगळ्यात जुनं, दाराचा कडीकोयंडा सैल. तो बदला असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आलं याचं सुरू," असं कोणीतरी म्हणालं. आजही सगळं तसंच आहे, फक्त पुढची मान माझी आहे आणि मागे कोबी आहे. परवान्याची तपासणी कंपनी करून देते आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

काल न्दापेवाला निरोप दिला. मी शेळी कापली. तुम्हाला माहीत आहे, भाच्याच्या नव्या कामाच्या पहिल्या कमाईच्या जनावराचं डोकं कोणाच्या ताटात जातं ते. आपल्या अंगणात ते मामाशिवाय आजवर दुसऱ्या कोणाला दिलेलं मी बघितलेलं नाही. मा-बैत्से पातेल्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "डोकं मिठात घालून ठेवते, केनोसीबरोबर शोशोंगला पाठवा." मी हो म्हणालो. मग ताटं वाढायला घेतली, आणि मी ते डोकं उचललं आणि त्या मुलीच्या ताटात ठेवलं.

मा-बैत्सेंचा हात तोंडावर गेला. न्दापेवाला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने विचारलं, "काका, हे माझं?" मी म्हटलं, "तुझंच." मग ती बिचकली नाही, त्यांच्याकडेही खातात. तिने आधी शेळीची जीभ काढून घेतली, तिखट मागितलं आणि शेवटपर्यंत खाल्लं. आज पहाटे ती विंडहूकच्या बसने गेली.

मा-बैत्से म्हणतात, हे तुम्हाला कळवू नका, म्हाताऱ्या माणसाला लागेल. पण तुम्हाला ते केनोसीकडून कळणारच, आणि तो नीट सांगणार नाही. म्हणून नेमकं लिहिलं. मी चुकून केलं नाही. रागात केलं, पण विचार करून केलं. तुम्ही गुडघ्यामुळे आला नसतात तर मी डोकं मिठात घालून पाठवलं असतं. पण तुम्ही न येण्याचं कारण गुडघा नव्हता.

शोशोंगच्या पश्चिमेला तुमच्या कुरणाजवळ एक जुनी पट्टी आहे. ती माझ्या मार्गावर नाही आणि कधी येणारही नाही, तेव्हा आवाज ऐकून वर बघू नका. तो मी नसेन. भेटायचं असेल तर मला बसनेच यावं लागेल. पुढच्या सुट्टीत येईन. दारात आधी तुमची विचारपूस करीन, मग गुरांची, मग पावसाची. त्यानंतर "काय काढलंस?" असं तुम्ही विचारायचं. विचारलंत तर बोलू.

ज्याच्यासाठी तुम्ही बोलला नाहीत,
तो तुमच्या बहिणीचा मुलगा,
ओतेंग